वाढवलेली वाचनालयं

दवाखान्यातून फोन आला तेव्हा दत्तात्रय आजगावकर मिलिंग मशीनपाशी उभा होता. फोरमन क्रेमर स्वतः चालत त्याला बोलवायला आला. तेव्हाच खरं तर काहीतरी समजायला हवं होतं, कारण क्रेमर कुणासाठी जागचा हलत नसे. काचेच्या केबिनमधून नुसतं बोट वाकवत असे.

फोनवर नर्स होती. परदेशी माणसाशी बोलतात तसं ती सावकाश, तोडून तोडून बोलत होती आणि तिचा शब्द न् शब्द दत्तात्रयाला कळला. तुमच्या पत्नी सकाळी झोपी गेल्या, ती म्हणाली. अगदी शांतपणे.

दत्तात्रयाला इतकं हायसं वाटलं की तो भिंतीला टेकला. किती दिवसांत मालिनीचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आडवी झाली की दम लागायचा, म्हणून उशांना टेकून बसून असायची.

"गूट, गूट," तो म्हणाला. "झोपू द्या तिला. उठवू नका. माझी पाळी संपली की मी येतो."

 मग नर्सने फोन फोरमनकडे द्यायला सांगितलं.

क्रेमरने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. खुंटीवरचा दत्तात्रयाचा कोट काढून त्याने तो त्याच्या अंगात घातला, एक बाही, मग दुसरी.

"आजगाव," तो म्हणाला. आडनावाचं शेपूट त्याला कधीच जमलं नव्हतं. "तुमच्याकडे कसं म्हणतात मला माहीत नाही. आमच्यात असं म्हटलं, म्हणजे तो माणूस परत उठत नाही."

मार्च १९६२ चा तो दिवस होता. ट्राममध्ये बसल्यावरही दत्तात्रयाला राहून राहून वाटत होतं, की क्रेमरचीच काहीतरी चूक होत असणार. नर्स तर स्पष्ट म्हणाली होती, झोपली.

*

दोघं फ्रँकफर्टला आली त्याला तेव्हा पाच वर्षं होत आली होती. तो टूलरूममधला फिटर. देशातल्या कारखान्याने शिकायला पाठवला आणि काम पसंत पडलं म्हणून इथल्यांनी ठेवून घेतला. मालिनी एम. ए. झालेली. सांगलीत तिचे वडील आत्माराम नाडगौडा भाड्याने पुस्तकं देत. एका गाळ्याची लायब्ररी, पुढे फळ्यांची दारं. मालिनी त्या फळ्यांआड वाढली. नवऱ्याच्या मागोमाग आली आणि स्वस्थ बसवेना म्हणून युनिव्हर्सिटीत गेली. प्रोफेसर लिंडनर यांच्या हाताखाली तिला विषय मिळाला, तोही तिच्या मनासारखा. अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी एक शहर आहे. गेल्या शतकात तिथे जर्मन लोक बोटी भरभरून गेले. त्या एका शहरात तेव्हा किती तऱ्हेच्या लायब्रऱ्या होत्या, त्या कुणी काढल्या, कोण चालवत होतं, आणि पुढे त्यांचं काय झालं, हे मालिनीला लिहायचं होतं.

दत्तात्रयाला आधी हसू यायचं.

"लायब्ररी ती लायब्ररी. तिच्यात तऱ्हा कसल्या?"

"अहो, तुमच्या टूलरूममध्ये कानशी किती प्रकारच्या?"

"त्या वेगळ्या. त्यांना काम वेगळं असतं."

"मग यांनाही काम वेगळंच," ती म्हणायची आणि सांगत सुटायची. व्यापारी पेढ्यांवरच्या कारकुनांची एक लायब्ररी होती, तिथे खुर्च्यांना गाद्या. शिकाऊ कारागिरांची एक, तिथे आत शिरताना हात धुवावे लागत. आगीच्या बंबवाल्यांची एक होती, ती बंबाच्या वरच्या माळ्यावर, आणि घंटा झाली की वाचणारे पुस्तक उघडं टाकून धावायचे. जर्मनांनी तालमी काढल्या तर तिथेही जोर-बैठकांच्या शेजारी पुस्तकांचं कपाट. चर्चच्या वेगळ्या. काळ्या लोकांना कुठे आत घेत नसत, म्हणून त्यांनी आपली वर्गणी काढून स्वतःची थाटली. बायकांच्या एका मंडळाची, ती फक्त मंगळवारी. आणि तिच्या वडिलांसारखे दुकानदार तर गल्लोगल्ली. मग शहराने कर बसवून एक मोठी, सगळ्यांना फुकट अशी लायब्ररी बांधली.

"मग या बाकीच्यांचं काय झालं?" दत्तात्रयाने एकदा विचारलं.

"तेच तर सहावं प्रकरण," ती म्हणाली.

या सगळ्याचे कागद अमेरिकेत फारसे उरले नव्हते. गेलेली माणसं मात्र आपल्या गावी पत्रं लिहीत, मंडळांचे अहवाल पाठवीत. ते कागद फुल्डाच्या आसपासच्या खेड्यांतून कुणाच्या पेटाऱ्यात, कुणाच्या माळ्यावर पडून होते. मालिनी रविवारी बस धरून जायची. दत्तात्रयही जायचा कधी कधी. साडी नेसलेली बाई आणि बरोबर टाय लावलेला माणूस दारात पाहून खेडूत आधी घाबरत, मग केक काढत. मालिनी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कागद वाचायची, आणि दत्तात्रय त्यांच्या घरातलं बिघडलेलं घड्याळ नाहीतर दाराची कडी दुरुस्त करून द्यायचा.

पहिली पाच प्रकरणं तिने जर्मनमध्ये लिहून प्रोफेसरांना दिली. मग लहानपणी आलेल्या तापाने आत कुठेतरी ठेवून दिलेलं दुखणं वर आलं. हृदयाची झडप खराब झाली आहे, असं डॉक्टर म्हणाले. त्या हिवाळ्यात तिला लिहिण्याइतकंही वाकवेना. म्हणून सहावं प्रकरण तिने सांगितलं आणि दत्तात्रयाने लिहून घेतलं. मराठीत.

"जर्मन सांगितलं तर तुम्ही काय लिहाल ते मला वाचता यायचं नाही," ती म्हणाली. "मराठीतच घ्या. बरी झाले की मीच करीन जर्मन."

तो ड्रॉइंगवर लिहितात तसं सुटं, ठळक लिहायचा. ती सांगायची, मध्ये थांबून श्वास घ्यायची. "वाचनालय म्हटलं की वाचनालयच लिहा, ग्रंथालय म्हटलं की ग्रंथालय. मनानं बदलू नका."

"मला सगळं एकच."

"म्हणून तर तुमच्याकडून लिहून घेतेय. शहाणा माणूस असता तर सुधारत बसला असता."

प्रकरण सांगून झालं. कुठला मजकूर कुठल्या कागदावरून घेतला, त्या टिपा तेवढ्या घालायच्या राहिल्या. ती दवाखान्यात गेली, त्या दिवशीही तिच्या तोंडी त्या टिपाच होत्या.

तिला एकदा त्याने विचारलं होतं, एवढं करून मिळतं काय? युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कार्डांचे खण असतात, ती म्हणाली. प्रबंध मान्य झाला की त्याची एक प्रत तिथे ठेवतात आणि खणात आपल्या नावाचं कार्ड लागतं. वडिलांची लायब्ररी गेली तेव्हा लोकांनी उरलीसुरली पुस्तकं रद्दीत नेली होती. नाडगौडांच्या नावाचं कुठे काही राहिलं नाही. आजगावकरच्या पुढे माहेरचं नाव घातलेलं एक कार्ड लागावं, एवढंच तिला हवं होतं.

*

क्रियाकर्म आटोपल्यावर दत्तात्रय प्रोफेसरांकडे गेला. प्रोफेसर लिंडनर उंच, किंचित वाकलेले गृहस्थ होते. त्यांनी त्याला स्वतः खुर्ची दिली.

"पदवी आता देता येणार नाही," ते म्हणाले. "पण काम चांगलं आहे, आजवर कुणी केलेलं नाही. शेवटचं प्रकरण मला जर्मनमध्ये द्या. ते बसलं तर आमची संस्था छापील. मग प्रत लायब्ररीत जाईलच."

"आणि कार्ड?"

"कार्ड लागेल. हो, अर्थात."

दत्तात्रयाने श्रीरंग गोखल्याला धरलं. श्रीरंग पुण्याचा, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होता. मालिनीच्या हातची आमटी खाऊन त्याने दोन हिवाळे काढले होते. तो शनिवारी यायचा. दत्तात्रय वाचायचा, श्रीरंग जर्मन करून टाइप करायचा.

"वहिनी मराठी फार बेस सांगायच्या हो," तो म्हणायचा. "हे पाहा, 'तालमीचे वाचनालय लढाईनंतर लवकरच वाढवले.' एका ओळीत काम. आमचा गाइड याला अर्धं पान घेईल."

"पटापट कर. गप्पा नकोत."

"दत्तूदादा, चहा टाका, म्हणजे पटापट होईल."

उन्हाळाभर काम चाललं. दत्तात्रयाला त्या शनिवारांचा आधार वाटू लागला होता. तेवढा वेळ घरात तिचं बोलणं चालू असायचं.

पुढे पानगळीच्या सुमारास प्रोफेसरांनी बोलावून घेतलं. पानं समोर होती आणि कडेला पेन्सिलीच्या खुणा.

"हेर आजगावकर, मला हे समजत नाही," ते म्हणाले. "पाचव्या प्रकरणाच्या शेवटी तुमच्या पत्नी लिहितात की मोठी लायब्ररी उघडली आणि लहानांचे वाचक तिकडे जाऊ लागले. आता सहाव्यात काय आहे? बंबवाल्यांची मोठी करण्यात आली. तालमीची मोठी करण्यात आली. बायकांच्या मंडळाची, दुकानदारांची, सगळ्या एकामागून एक मोठ्या करण्यात आल्या. वाचक नाहीत आणि लायब्रऱ्या मोठ्या होताहेत. आणि एवढ्या मोठ्या झाल्या तर आज तिथे एकही का नाही?"

"तिनं तसंच सांगितलं. मी एक अक्षर बदललं नाही."

"तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण टिपा नाहीत, पुरावा कुठला ते कळत नाही. त्या आजारी होत्या." प्रोफेसरांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे पाहा, आजारात माणसाचं मन आशेकडे धावतं. त्यात गैर काही नाही. पण मला ते छापता येत नाही."

दत्तात्रय पानं घेऊन परत आला. श्रीरंग चिडला. "वहिनींचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं," तो म्हणत राहिला. पण तोही काही दाखवू शकला नाही. पानं कपाटात गेली.

*

त्यांच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर फ्राउ आरेन्स म्हणून एका विधवेचं दुकान होतं. अर्ध्या भागात सिगारेटी, साबण, शिवणाचे दोरे आणि अर्ध्या भागात भाड्याची पुस्तकं. डॉक्टर आणि नर्सच्या प्रेमाच्या कादंबऱ्या, गुन्हेगारीच्या, काऊबॉयच्या. मालिनी जर्मन सुधारायचं निमित्त सांगून तिथून एकेक आणायची आणि गल्ल्याशी उभी राहून फ्राउ आरेन्सशी तास तास बोलायची. दत्तात्रय कधी आत गेला नव्हता. ती येईपर्यंत बाहेर उभा राहायचा.

१९६३ च्या डिसेंबरात दुकानाच्या काचेवर पाटी लागली की सगळा माल काढायचा आहे. घरोघर टेलिव्हिजन आले होते आणि स्वस्त पुस्तकं स्टेशनवर मिळू लागली होती. दत्तात्रयाला आठवलं, मालिनीने आणलेली एक कादंबरी घरात तशीच आहे. तपकिरी कागदाचं कव्हर तिनेच घातलेलं होतं, शाळेतल्या वह्यांना घालतात तसं. तो ती घेऊन गेला.

फ्राउ आरेन्स खोक्यात पुस्तकं भरत होती. तिने कव्हर बघूनच ओळखलं.

"फ्राउ मालिनीचं. कव्हर घालून परत देणारी माझ्याकडे ती एकटीच." तिने पुस्तक खोक्यात टाकलं नाही, हातातच ठेवलं. "तुम्हीच ठेवा. आता मी तरी कुणाला देणार?"

"दुकान बंद करताय?"

"बंद?" ती हसली. "तुमच्या बायकोने ऐकलं असतं तर मला रागावली असती. संध्याकाळी मी म्हणायची, चला, बंद करते. ती म्हणायची, श्श, असं बोलू नये. आमच्याकडे माझे वडील दुकान बंद करत नाहीत, मोठं करतात. रोज संध्याकाळी फळ्या लावायच्या आणि म्हणायचं, मोठं केलं. मी म्हटलं, फ्राउ मालिनी, मग माझं दुकान लवकरच फार मोठं होणार आहे." तिने नाक पुसलं. "आम्ही दोघी किती हसलो त्या दिवशी."

 दत्तात्रयाला सांगलीचा गाळा दिसत होता. लग्नाआधी तो मुलगी बघायला गेला तेव्हाची वेळ. सासरे खुर्चीतून उठत नोकराला म्हणाले होते, "दिनकर, वाढव रे लायब्ररी." आणि दिनकरने फळ्या लावायला घेतल्या होत्या.

हे त्याला काही नवीन नव्हतं. दुकान वाढवतात, बांगडी वाढवतात, मंगळसूत्र वाढवतात. वडील गेले आणि आईच्या बांगड्या वाढवल्या तेव्हा तो तिथेच उभा होता. मोडलं, संपलं, बंद झालं, असं तोंडाने म्हणायचं नाही म्हणून म्हणायचं ते. पण कागदावर लायब्ररी आणि वाढवले असं शेजारी शेजारी आल्यावर त्याला ते सुचलं नाही. पुण्याच्या श्रीरंगलाही सुचलं नाही. दोघांनी मिळून तिच्या सगळ्या मेलेल्या लायब्रऱ्या जर्मनमध्ये मोठ्या करून ठेवल्या होत्या.

"काय झालं?" फ्राउ आरेन्सने विचारलं. "बसा जरा."

"नाही," तो म्हणाला. "येतो."

*

दत्तात्रयाचा निरोप मिळताच श्रीरंग तसाच धावत आला. सगळी पानं टेबलावर पसरली.

"म्हणजे बरोबर होतं वहिनींचं. सगळ्या बंद पडल्या. दत्तूदादा, सगळं जुळतंय. 'वाढवले' दिसेल तिथे 'बंद केले' करायचं, की झालं."

"वाच," दत्तात्रय म्हणाला.

श्रीरंगने वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच पानावर अडला. कारकुनांची लायब्ररी शेजारच्या दोन खोल्या घेऊन वाढवली, असं तिथे होतं. ही तर खरीच मोठी झालेली. पुढे काळ्या लोकांची. 'वर्गणी करून वाढवली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वाढवली.' यातली एक वाढ खरी आणि एक शेवटची? की दोन्ही खऱ्या? शिकाऊ कारागिरांचं नुसतंच 'पुरानंतर वाढवले'. पुरात गेलं म्हणून मिटवलं, की पुरानंतर नवीन जागेत थाटलं?

"वहिनी सांगताना कशा म्हणाल्या होत्या?" श्रीरंगने विचारलं. "म्हणजे आवाज वगैरे. आठवतंय का?"

दत्तात्रयाने डोळे मिटून आठवून पाहिलं. खोलीतली शेगडी आठवली, तिच्या शालीचा काठ आठवला. वाक्याच्या मध्ये ती श्वासासाठी थांबायची, तेही आठवलं. वाक्य कसं म्हणाली ते आठवेना. तो तेव्हा अक्षर नीट यावं म्हणून खाली बघत होता.

थंडी ओसरल्यावर तो फुल्डाकडे गेला. ज्या घरातल्या घड्याळाला त्याने स्प्रिंग बसवली होती, ते घर त्याला सापडलं. म्हातारा वारला होता. सून दारात आली, तिने त्याला ओळखलं, केकही दिला. घड्याळ चालू होतं.

"ते जुने कागद?" ती म्हणाली. "माळा साफ केला तेव्हा शेगडीत घातले. कुणाला लागत होते का?"

बाकीची घरं त्याला सापडली नाहीत. मालिनीला रस्ते पाठ होते, तो नुसता तिच्या मागून चालायचा. श्रीरंगने ओहायोकाठच्या त्या शहराला पत्र घातलं. उत्तर सभ्यपणे आलं. लहान लायब्रऱ्यांची काहीच माहिती आमच्याकडे नाही; त्यांच्यावर कुणी लिहिलं तर आम्हाला फार हवं आहे.

तो पुन्हा प्रोफेसरांकडे गेला. वाढवणे म्हणजे काय हे त्याने त्यांना समजावलं. आपल्या मोडक्या जर्मनमध्ये, हाताने फळ्या लावून दाखवत. प्रोफेसर खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. मध्ये एकदा "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, असं म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. दत्तात्रयाला वाटलं, झालं.

"मग मी त्यांच्यावर अन्याय केला," प्रोफेसर म्हणाले. "आता मला एवढं सांगा, की यातल्या बंद झालेल्या कोणत्या आणि मोठ्या झालेल्या कोणत्या?"

"दोन-तीन नक्की सांगता येतात."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या तिलाच ठाऊक."

प्रोफेसरांनी पानं सरळ केली. 

"अंदाजाने लिहिलं तर ते त्यांचं राहणार नाही," ते शेवटी म्हणाले. "तुमचं आणि माझं होईल. आणि शेवटच्या प्रकरणाशिवाय संस्था छापणार नाही."

दत्तात्रयाला ते पटलं. मनाने बदलू नका, असं तीच म्हणाली होती.

त्यानंतर श्रीरंगची डॉक्टरेट झाली आणि तो ड्रेस्डेनहून आलेल्या एका मुलीशी लग्न करून म्युनिकला गेला. प्रोफेसर लिंडनर निवृत्त झाले. कोपऱ्यावरच्या दुकानात आता रेडिओ आणि टेलिव्हिजन मिळतात. दत्तात्रय अजून त्याच टूलरूममध्ये आहे. अधूनमधून सुट्टीच्या दिवशी तो युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जातो, खणांच्या रांगेत A चा खण ओढतो आणि आजगावकर जिथे यायला हवं तिथली दोन कार्डं बोटाने बाजूला करून पाहतो. मधे काही नसतं. खण लोटून तो घरी येतो.

सहावं प्रकरण त्याच्याकडे आहे. त्यातल्या कोणत्या लायब्रऱ्या मोठ्या झाल्या आणि कोणत्या बंद पडल्या, ते लिहायचं राहिलं आहे.